ऑपरेशन गुडघ्याचं, जपायचं हृदय: आधी, त्या दिवशी आणि नंतरचे 3 दिवस

"ईसीजी नॉर्मल आला, फिजिशियनने सही केली, आता हृदयाची काळजी नाही." गुडघा, हर्निया, पित्ताशय, गर्भाशय, आतडं, कुठलंही मोठं ऑपरेशन ठरलं की हे वाक्य कुणीतरी बोलतंच, आणि गडबडीची सुरुवात तिथूनच होते. फिटनेसचा कागद फाइलला लागतो. पण कोणती गोळी कधी थांबवायची, त्या दिवशी सकाळी कोणती घ्यायची, ऑपरेशननंतर रक्त कधी तपासायचं, हे त्यावर बहुतेकदा लिहिलेलंच नसतं.

इजा होते ती अशी. रक्त गेलं, रक्तदाब उतरला, वेदनेने ठोके वाढले की हृदयाच्या स्नायूला प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो कमी. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. ठोके वाढले की आधी ही विश्रांतीच आखडते. काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळीही होते. दुखावलेल्या स्नायूतून ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात येतं आणि ते मोजता येतं.

आता अडचण. 'व्हिजन' या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 45 वर्षं आणि त्यावरच्या सुमारे 21,800 रुग्णांचं ट्रोपोनिन ऑपरेशननंतर तपासलं. जवळपास 18 टक्क्यांमध्ये हृदयाला इजा आढळली आणि त्यातल्या सुमारे 93 टक्के लोकांना छातीत दुखणं, धाप यांपैकी काहीच जाणवलं नव्हतं. वेदनाशामकं चालू असतात, जखम दुखत असते, माणूस गुंगीत असतो. त्यामुळे 'छातीत दुखलं तर बघू' हा बेत इथे उपयोगाचा नाही.

मोतीबिंदू, त्वचेवरची छोटी गाठ अशा ऑपरेशनांना पुढची सगळी उठाठेव लागत नाही. हा लेख आहे तो किमान एक रात्र रुग्णालयात काढावी लागणाऱ्या ऑपरेशनसाठी. त्यातही वय 65 च्या पुढे असेल, किंवा हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वीचा अर्धांगवायू असेल तर एकही टप्पा गाळू नका.

आधीच सांगून ठेवतो: यातली कोणतीही गोळी हा लेख वाचून स्वतः बंद किंवा चालू करायची नाही. लेख घेऊन भूलतज्ज्ञांसमोर बसा आणि एकेक ओळ विचारा.

## टप्पा 1: घाई किती आहे ते ठरवा

सर्जनना थेट विचारा: हे ऑपरेशन आज व्हायला हवं, काही आठवड्यांत झालं तरी चालेल, की सवडीने? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

आतडं फुटलंय किंवा रक्तपुरवठा बंद होऊन पाय काळा पडतोय, तेव्हा हृदयाच्या तपासण्यांसाठी थांबणं हाच मोठा धोका. ईसीजी, मूळ रक्ततपासण्या आणि औषधांची माहिती घेऊन पुढे जायचं, हृदयाची राखण ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर करायची. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. टू-डी इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) वेळ मिळत नाही म्हणून आजी 4 दिवस खाटेला खिळून राहतात. तोवर छातीत कफ साठतो, पायात गुठळी होण्याची भीती वाढते, आणि शेवटी इकोमध्ये जे दिसतं त्याने निर्णय क्वचितच बदलतो.

कर्करोगाच्या ऑपरेशनला आठवडे मिळतात, महिने नाहीत. सवडीच्या ऑपरेशनला मात्र वाट पाहणं हाच उपचार असू शकतो:

- हार्ट अटॅक येऊन गेला असेल आणि स्टेंट टाकला नसेल, तर किमान 60 दिवस.
- अटॅकनंतर औषधाचा लेप असलेला स्टेंट टाकला असेल, तर शक्यतो 12 महिने.
- अटॅक नव्हता, छातीत दुखायचं म्हणून असा स्टेंट टाकला असेल, तर शक्यतो 6 महिने.
- तितकं थांबणं शक्यच नसेल, तर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून किमान 3 महिने. स्टेंटनंतरच्या पहिल्या 30 दिवसांत, जीव वाचवायचा असेल तरच.

स्टेंट नवा असताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबल्या तर तो गुठळीने बंद पडू शकतो, आणि गोळ्या चालू ठेवल्या तर ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. ही कोंडी फक्त वेळच सोडवते.

इथे थांबा: बसल्या जागी छातीत दुखणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, पायांवरची सूज वाढत जाणं, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काहीही अलीकडे सुरू झालं असेल तर सवडीचं ऑपरेशन पुढे ढकलून आधी हृदय पाहायचं. महाधमनीची झडप खूप अरुंद असेल तरीही तेच. या गोष्टी तपासणीच्या खोलीत नातेवाईक सांगत नाहीत, तारीख जाईल म्हणून. तारीख पुन्हा मिळते.

तपासा: स्टेंटचं कार्ड किंवा अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड हातात आहे का? "दोन-तीन वर्षं झाली असतील" यावर कुणी निर्णय घेऊ शकत नाही.

## टप्पा 2: गोळ्यांची पिशवी आणि जिन्याचा प्रश्न

भूलतज्ज्ञांकडे जाताना यादी लिहून नेऊ नका, गोळ्याच न्या. सगळ्या पट्ट्या, अर्धवट कापलेल्या, नाव फाटलेल्या, उशाखालच्या, सगळ्या एका पिशवीत. यादीत लोक 'बीपीची गोळी' असं लिहितात, आणि बीपीच्या गोळ्यांचे अर्धा डझन प्रकार आहेत. काही ऑपरेशनच्या सकाळी घ्यायलाच हव्यात, काही अजिबात नकोत. डोळ्यांचे थेंबही पिशवीत टाका. काचबिंदूसाठी दिलं जाणारं टिमोलॉल हे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध आहे आणि डोळ्यात घातलं तरी ते रक्तात उतरतं. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे, पावडरी हेही लपवायचं नाही.

मग धोका मोजायचा. जगभर वापरली जाणारी सोपी मोजणी 6 मुद्द्यांची आहे:

1. पोट, छाती किंवा मोठ्या रक्तवाहिन्या उघडणारं ऑपरेशन आहे का?
2. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे का?
3. हृदय कमकुवत होऊन पाणी साठण्याचा त्रास कधी झाला का?
4. अर्धांगवायू किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेला का?
5. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे का?
6. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 2 च्या वर आहे का?

जितकी 'हो' जास्त, तितका धोका जास्त. एकही 'हो' असेल तर पुढच्या टप्प्यातल्या दोन रक्ततपासण्यांबद्दल आवर्जून बोला.

यापुढे येतो जिन्याचा प्रश्न. "दोन मजले चढता का?" असं विचारलं जातं, मुलगा म्हणतो "चढतात की", आणि कागदावर बरोबरची खूण पडते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मेट्स' अभ्यासात स्पष्ट दिसलं की रुग्णाची ताकद किती, याचा डॉक्टरांनी नुसत्या बोलण्यावरून बांधलेला अंदाज भरवशाचा नसतो. त्यापेक्षा 'डासी' नावाची 12 प्रश्नांची ठरावीक प्रश्नावली भरणं चांगलं: घरातलं जड काम, चढाव, भरभर चालणं असे साधे प्रश्न असतात. 34 पेक्षा कमी गुण आले तर जास्त सावध राहायचं.

गुडघ्याच्या रुग्णाचं वेगळं आहे. तो दोन वर्षं जिनाच चढलेला नसतो. धाप लागत नाही, कारण धाप लागण्याइतकं तो चालतच नाही. अशा माणसाच्या हृदयाची ताकद 'चांगली' लिहायची नाही, 'माहीत नाही' लिहायची.

## टप्पा 3: तपासण्या, गरजेपुरत्याच

शांत पडलेल्या माणसाचा ईसीजी हा त्या क्षणाचा फोटो. जुना अटॅक, ठोक्यांची गडबड त्यात दिसते. रक्तवाहिनी अर्धी-पाऊण अरुंद असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. तरी काढून ठेवायचाच, कारण ऑपरेशननंतर काही बदललं का हे जुन्या ईसीजीशी ताडूनच कळतं. त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

टू-डी इको सरसकट लागत नाही. नवी धाप, छातीला नळी लावल्यावर ऐकू येणारा जादा आवाज, किंवा हृदय कमकुवत असल्याचा इतिहास आणि अलीकडे वाढलेला त्रास, अशी कारणं असतील तर जरूर करा. केवळ 'वय झालंय' म्हणून केलेल्या इकोतून बहुधा फक्त एक दिवस जातो.

माझ्या मते ज्या दोन तपासण्यांना जास्त महत्त्व मिळायला हवं, त्यांचं नावही बहुतेक फायलींत नसतं.

पहिली, बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी. हृदयावर ताण असला की हे रक्तात वाढतं. कॅनडातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बीएनपी 92 किंवा एनटी-प्रोबीएनपी 300 च्या पुढे असेल, तर ऑपरेशननंतर 2 ते 3 दिवस रोज ट्रोपोनिन तपासावं.

दुसरी, ऑपरेशनच्या आधीचं ट्रोपोनिन. मूत्रपिंडाचा जुना आजार, कमकुवत हृदय, वय यांमुळे काहींचं ट्रोपोनिन कायमच थोडं वाढलेलं असतं. आधीचा आकडा नसला की नंतरच्या वाढलेल्या आकड्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. नवी इजा की जुनीच स्थिती, यावर वाद सुरू होतो आणि दिवस जातो.

हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन तर हवंच.

सावध: "ऑपरेशनआधी एकदा अँजिओग्राफी करून ब्लॉक काढून टाकू" हा सल्ला ऐकायला सुरक्षित वाटतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कार्प' चाचणीत मोठ्या रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनआधी, हृदयाचा आजार स्थिर असलेल्या काही रुग्णांच्या अरुंद वाहिन्या आधी उघडल्या, काहींच्या नाही. पुढे मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. वर नवा स्टेंट बसला की टप्पा 1 मधली कोंडी तयार. त्रास नसताना केवळ ऑपरेशन पार पडावं म्हणून स्टेंट टाकायचा नसतो. एरवीही गरज होतीच, अशी कारणं असतील तर गोष्ट निराळी.

## टप्पा 4: गोळ्यांचं वेळापत्रक

चुका सर्वात जास्त इथेच होतात. एक कोरा कागद घ्या. डावीकडे गोळीचं नाव, मध्ये 'शेवटचा डोस कधी', उजवीकडे 'पुन्हा कधी'. तिन्ही रकाने भरल्याशिवाय भूलतज्ज्ञांच्या खोलीतून उठू नका. तिसरा रकाना सगळे विसरतात.

ठोके कमी करणाऱ्या गोळ्या (मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल आणि नावाच्या शेवटी 'लॉल' असलेल्या): आधीपासून चालू असतील तर थांबवायच्या नाहीत, ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायच्या. अचानक थांबवल्या तर ठोके उसळतात, आणि तेच टाळायचं असतं. ठोके फारच मंद किंवा रक्तदाब फार कमी असेल तर भूलतज्ज्ञ ठरवतील.

पण आधी चालू नसतील तर ऑपरेशनच्या दिवशी नव्याने सुरू करायच्या नाहीत. हे एकेकाळी हिरिरीने केलं जायचं. 2008 मध्ये 'पॉइज' चाचणीत 8,351 रुग्णांवर त्याची पारख झाली: ऑपरेशनच्या काही तास आधी मेटोप्रोलॉल सुरू केल्यास दर हजारी 15 अटॅक टळले, पण 8 मृत्यू आणि 5 अर्धांगवायूचे झटके जास्त झाले. रक्तदाब कोसळणं हे त्यामागचं मोठं कारण. खरंच गरज असेल तर आठवड्याहून अधिक आधी, छोट्या डोसने सुरू करून बेतावी लागते.

स्टॅटिन (अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन): एक दिवसही खंड नको. 'कोलेस्टेरॉलची गोळी, चार दिवस नाही घेतली तर काय बिघडतं' असं म्हणून हीच आधी वगळली जाते. हृदयविकार असूनही चालू नसेल तर सुरू करायला ही चांगली वेळ आहे.

अ‍ॅस्पिरिन: स्टेंट असेल तर बहुतेक ऑपरेशनांत चालू ठेवतात. मेंदू, मणका, डोळ्याचा मागचा भाग अशा बंद जागांतल्या ऑपरेशनचा निर्णय सर्जन घेतात. स्टेंट नाही, अटॅक नाही, नुसती खबरदारी म्हणून चालू आहे? मग साधारण 7 दिवस आधी थांबते. 2014 च्या 'पॉइज-2' चाचणीत 10,010 रुग्णांत अ‍ॅस्पिरिनने अटॅक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र वाढला.

दुसरी रक्त पातळ करणारी गोळी: क्लोपिडोग्रेल 5 दिवस, टिकाग्रेलॉर 3 ते 5 दिवस, प्रासुग्रेल 7 दिवस आधी थांबते. स्टेंट नवा असेल तर हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिल्याशिवाय एकही दिवस नाही.

गुठळीविरोधी औषधं: वॉरफरिन सहसा 5 दिवस आधी थांबवून आदल्या दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) पाहतात. अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन यांना रक्तस्रावाच्या शक्यतेप्रमाणे 1 ते 2 दिवस. डॅबिगाट्रान मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर त्याला जास्त दिवस. कमरेतून भूल द्यायची असेल तर यापेक्षाही लांब थांबावं लागतं, ते भूलतज्ज्ञ सांगतील.

बीपीच्या 'प्रिल' आणि 'सार्टन' गोळ्या (एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन): भूल दिल्यावर यांच्यामुळे रक्तदाब जास्त उतरतो, म्हणून अनेक भूलतज्ज्ञ 24 तास आधी थांबवतात. घेतल्या म्हणून ऑपरेशन रद्द करण्याइतकं मोठं कारण नाही. कमकुवत हृदयासाठी दिल्या असतील तर चालू ठेवण्याकडे कल असतो.

मधुमेहाच्या 'ग्लिफ्लोझिन' गोळ्या: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन 3 दिवस आधी, एर्टुग्लिफ्लोझिन 4 दिवस आधी बंद. या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठतं. हल्ली या हृदयासाठीही देतात, त्यामुळे रुग्ण सांगतो 'हृदयाची गोळी' आणि सगळे म्हणतात 'चालू ठेवा'. पट्टीवरचं नाव वाचा.

क्लोनिडिन: आधीपासून चालू असेल तर अचानक थांबवायचं नाही, रक्तदाब उसळी मारतो. ऑपरेशनसाठी म्हणून नव्याने सुरूही करायचं नाही.

तपासा: ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांना आणि जे ऑपरेशन करणार त्यांना, दोघांनाही हा कागद दाखवलाय का? एकाने 'थांबवा' आणि दुसऱ्याने 'चालू ठेवा' सांगितलं असेल तर स्वतः मधला मार्ग काढू नका, दोघांचं फोनवर बोलणं करून द्या.

## टप्पा 5: मिळालेले आठवडे वापरा

हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑपरेशनच्या आदल्या रात्री रक्ताची बाटली शोधण्यापेक्षा महिनाभर आधी कारण शोधा. लोह कमी असेल तर गोळ्यांना किमान काही आठवडे लागतात, वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. सिगारेट, बिडी, तंबाखू आजच बंद. 4 आठवडे मिळाले तर उत्तम, कमी दिवस उरलेत म्हणून चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. ताप, खोकला, लघवीची जळजळ असेल तर लपवू नका.

आणि एक काम घरच्यांचं: आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शांत बसवून रक्तदाब आणि ठोके लिहून ठेवा. ऑपरेशन टेबलवरचा ताणाखालचा आकडा हा त्या माणसाचा खरा आकडा नसतो. एरवी 150 वर राहणाऱ्याला 100 हा आकडा खूप खाली असू शकतो, आणि एरवी 105 असणाऱ्याला तोच अगदी ठीक. तुमची ही चिठ्ठी भूलतज्ज्ञांना कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगते.

## टप्पा 6: ऑपरेशनची सकाळ

रात्रीपासून पाणीही नाही, गोळीही नाही, असं समजून माणूस उपाशी बसतो. सिस्टर म्हणते 'काही द्यायचं नाही', नातेवाईक गोळ्यांचा डबा मिटून ठेवतात, आणि ठोके कमी करणारी गोळी नेमकी त्या दिवशी चुकते. क्रम असा:

1. ठरलेल्या वेळेपासून घन अन्न आणि दूध बंद.
2. पोट सावकाश रिकामं होणारे रुग्ण सोडले, तर साधं पाणी सहसा ऑपरेशनच्या 2 तास आधीपर्यंत चालतं. तुमच्यासाठी किती, ते विचारून घ्या.
3. टप्पा 4 च्या कागदावर 'सकाळी घ्यायची' असं लिहिलेल्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर.
4. कोणती गोळी किती वाजता दिली, ते त्याच कागदावर लिहून कागद फाइलला टाचणीने लावा.

ऑपरेशन दुपारवर ढकललं गेलं तर पुन्हा विचारा. पहाटेपासून कोरडा राहिलेला वृद्ध माणूस भूल दिल्यावर रक्तदाब लवकर सोडतो.

## टप्पा 7: ऑपरेशनच्या खोलीत

हा भाग तुमच्या हातात नाही, म्हणून थोडक्यात. भूलतज्ज्ञ सरासरी रक्तदाब साधारण 60 ते 65 च्या खाली किंवा वरचा आकडा 90 च्या खाली फार वेळ राहू देत नाहीत, ठोके आवरतात, गेलेलं रक्त मोजतात, शरीर थंड पडू देत नाहीत. संपूर्ण भूल की कमरेतून भूल, यावर नातेवाईक फार काथ्याकूट करतात. हृदयाच्या दृष्टीने त्यातली एक सरसकट सरस ठरलेली नाही.

बाहेर आल्यावर सर्जनना "कसं झालं?" एवढंच विचारून थांबू नका. रक्त किती गेलं आणि मध्ये रक्तदाब फार उतरला होता का, हे दोन प्रश्न विचारा. पुढच्या 3 दिवसांत किती डोळ्यांत तेल घालून राहायचं ते त्यावर ठरतं.

## टप्पा 8: पहिले 3 दिवस

बहुतेक इजा पहिल्या 48 ते 72 तासांत होतात, म्हणजे ऑपरेशन 'छान झालं' असं सगळ्यांना कळवून झाल्यावर.

ट्रोपोनिन: धोका असलेल्या रुग्णात 24 आणि 48 तासांनी. युरोपच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना ऑपरेशनआधी, 24 तासांनी आणि 48 तासांनी असं सांगतात. अमेरिकेच्या 2024 च्या सूचना त्याचा विचार करता येईल इतपतच म्हणतात, म्हणजे सगळीकडे एकमत नाही. माझा कौल तपासण्याकडे आहे, एका अटीवर: आकडा वाढला तर कोण काय करणार हे आधीच ठरलेलं असावं. 'तक्रार नव्हती' म्हणून अहवाल फायलीत तसाच राहणार असेल तर रक्त काढून काय उपयोग?

ठोके: तक्त्यावर ठोक्यांची ओळ पाहा. रात्री 88, पहाटे 104, सकाळी 112. अशा वेळी पहिलं काम ठोके उतरवणारं इंजेक्शन देणं नाही. क्रमाने विचारायचं: वेदना आहे का? लघवी तुंबली आहे का? ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) किंवा पट्टीवर रक्त वाढलंय का? ताप आहे का? प्राणवायू कमी पडतोय का? नेहमीची 'लॉल' गोळी चुकली का? ठोके अनियमित झालेत का? आत रक्त वाहत असताना ठोके औषधाने दाबले, तर शरीराची मोठी तडजोड आपण हिरावून घेतो.

रक्तदाब: वॉर्डमधला कमी रक्तदाब ऑपरेशनच्या खोलीतल्यापेक्षा जास्त वेळ चालतो, कारण वॉर्डात मोजणी काही-काही तासांनीच होते. चक्कर, गार पडलेले हात, कमी झालेली लघवी दिसली तर पुढच्या मोजणीची वाट न पाहता सांगा.

हिमोग्लोबिन: दुसऱ्या दिवशी तपासलंय का? हृदयविकार असलेल्यांत 8 च्या आसपास किंवा त्रास होत असेल तर त्याआधीही रक्त देण्याचा विचार होतो.

गोळ्या पुन्हा: आता तो तिसरा रकाना. स्टॅटिन आणि ठोक्यांची गोळी तोंडाने घेता येऊ लागली की लगेच. 'प्रिल' आणि 'सार्टन' रक्तदाब स्थिर झाला की, शक्यतो 48 तासांत. या गोळ्या एकदा थांबल्या की महिनोन्‌महिने थांबलेल्याच राहतात, हे फार वेळा होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सर्जन रक्तस्राव पाहून सांगतील, पण तारीख लिहून घ्या.

सावध: गोंधळल्यासारखं बोलणं, कारण नसताना मळमळ, अचानक घाम, खांदा किंवा जबडा दुखणं, झोपवलं की धाप. यातलं काहीही 'भुलेचा परिणाम' म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी मागा.

## टप्पा 9: ट्रोपोनिन वाढलं तर

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक, 'ऑपरेशननंतर वाढतंच' म्हणून दुर्लक्ष. दुसरी, त्याच रात्री अँजिओग्राफीसाठी धावाधाव. क्रम पाळा:

1. लगेच ईसीजी, आणि आधीच्या ईसीजीशी तुलना.
2. आधीच्या ट्रोपोनिनशी तुलना. काही तासांनी पुन्हा तपासून आकडा चढतोय की स्थिर आहे ते पाहणं.
3. कारण शोधणं: रक्तस्राव, कमी रक्तदाब, वेगवान किंवा अनियमित ठोके, जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, फुप्फुसातली गुठळी. शेवटची विसरली जाते, आणि तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे.
4. सापडलेलं कारण दुरुस्त करणं. बऱ्याच रुग्णांत हाच मुख्य उपचार.
5. हृदयरोगतज्ज्ञांना बोलावणं. ईसीजीत मोठ्या अटॅकची चिन्हं, न थांबणारं छातीतलं दुखणं, कोसळता रक्तदाब असेल तर अँजिओग्राफी तातडीची. बाकीच्यांत ती घाईने लागत नाही.
6. रक्तस्रावाचा धोका टळल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिनचा विचार. 2018 च्या 'मॅनेज' चाचणीत अशा 1,754 रुग्णांपैकी डॅबिगाट्रान दिलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गुंतागुंती सुमारे 11 टक्क्यांत झाल्या, न दिलेल्या गटात 15 टक्क्यांत. ते प्रत्येकाला द्यायचं औषध नाही, पण विषय काढायला हरकत नाही.

"दुखत तर नाहीये" हे कारण यादीत कुठेच नाही, हे लक्षात घ्या. न दुखता झालेल्या इजेनंतरही पुढच्या महिन्यातला मृत्यूचा धोका वाढलेला असतो.

## टप्पा 10: डिस्चार्जचा कागद

घरी जायच्या घाईत सही करण्याआधी कागदावर या ओळी आहेत का ते पाहा: ट्रोपोनिन तपासलं असेल तर सगळे आकडे तारखांसह. ठोके अनियमित झाले होते का, कारण ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असं झालेल्यांना पुढे अर्धांगवायूचा धोका असतो आणि 'आता नीट झालं' म्हणून ते सोडून दिलं जातं. थांबवलेल्या प्रत्येक गोळीची पुन्हा सुरू करायची तारीख. नव्या गोळ्या कायमच्या की ठरावीक दिवसांच्या. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चुकून एकत्र लिहिल्या गेल्यात का.

इजा आढळली असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची भेट 'गरज वाटल्यास' अशी नको, तारीख घालून घ्या. टाके काढायच्या दिवशी सर्जन जखम पाहतात, हृदयाचं कुणी विचारत नाही. आणि ट्रोपोनिनचा आधीचा व नंतरचा आकडा, तसंच ईसीजीची प्रत स्टेंटच्या कार्डाबरोबर ठेवा. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरेल तेव्हा टप्पा 3 तिथूनच सुरू होतो.